वार्ता, वाट आणि वस्ती

बुलढाणा जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबांत दिवाळीच्या वहीपूजनानंतर एक प्रश्न दरवर्षी पुढे येतो. धंद्यातून जे चार पैसे उरले, ते कोठे ठेवावेत? पूर्वी या प्रश्नाची उत्तरे मोजकी होती. सोने-चांदी, गावालगतचे शेत, बँकेतील मुदत ठेव किंवा ओळखीच्या पेढीवर व्याजाने ठेवलेली रक्कम, एवढ्यांतच निवड होत असे. आता आणखी दोन उत्तरे दारी येऊन उभी राहिली आहेत. एक दलाल समृद्धी महामार्गालगतच्या भूखंडांचा नकाशा घेऊन येतो. दुसरा मोबाइलवर दुबईतील सदनिकेची, बालीतील बंगल्याची किंवा नैरोबीबाहेर वसू घातलेल्या वसाहतीची चित्रे दाखवतो. घरातील तरुणांना दुसरा पर्याय खुणावतो, वडीलधाऱ्यांना पहिला जवळचा वाटतो आणि दोघांमध्ये वाद सुरू होतो.

वास्तविक हे दोन्ही व्यवहार एकाच जातीचे आहेत. जी भूमी आज विकसित नाही, परंतु उद्या होईल असे सांगितले जाते, तिच्या उद्याच्या किमतीचा काही भाग आजच मोजावयाचा, हेच दोन्हींचे स्वरूप आहे. हा उद्याचा दिवस खरेदीदाराच्या हातात नसतो. तो शासनाच्या, विकासकाच्या आणि तेथे राहावयास येणाऱ्या अनोळखी माणसांच्या हातात असतो. म्हणून अशा खरेदीत भाव किती वाढेल, हा प्रश्न दुसरा ठरतो. भाव वाढेपर्यंत ही रक्कम अडकून पडली तर कुटुंबाचा धंदा तग धरेल काय, हा प्रश्न पहिला होय.

दोन मार्गांची कथा

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यात त्याचे दोन धडे समोरासमोर उभे आहेत.

पहिला धडा रेल्वेचा. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व मागणी आली आणि खामगावची बाजारपेठ नावारूपास आली. पुढे १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा शाखामार्ग आला. तोच मार्ग चिखली, देऊळगावराजा या बाजूने जालन्याला जोडावा, ही मागणी शतकाहून अधिक जुनी आहे. सर्वेक्षणे झाली, निवेदने गेली, आंदोलने झाली, प्रत्येक निवडणुकीत आश्वासने मिळाली. पण आजपर्यंत या मार्गावरून एकही गाडी धावलेली नाही. रेल्वे येणार या भरवशावर ज्या कोणी स्थानकाच्या संभाव्य जागेजवळ जमीन घेतली असेल, त्याच्या नातवानेही अद्याप शिटी ऐकलेली नाही.

दुसरा धडा समृद्धी महामार्गाचा. २०१५ मध्ये त्याची घोषणा झाली. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. आपल्या जिल्ह्यातील मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या तालुक्यांतून त्याची सुमारे ८७ किलोमीटर लांबी जाते. एवढे मोठे काम दहा वर्षांत पूर्ण होणे ही आपल्याकडे सामान्य गोष्ट नव्हे.

मार्ग आला, मग त्या परिसरातील प्रत्येक भूखंडाचे सोने झाले काय? तसे झाले नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. समृद्धी हा प्रवेश-नियंत्रित महामार्ग आहे. जुन्या राज्य मार्गाप्रमाणे त्याच्या कडेला दुकान थाटता येत नाही, ढाबा टाकता येत नाही. वाहने ठराविक ठिकाणीच चढतात व उतरतात. त्यामुळे ज्याचे शेत महामार्गाच्या कुंपणाला लागून आहे, पण उतरण्याची जागा तेथून दूर आहे, त्याला बहुधा केवळ वाहनांचा आवाज मिळतो. मूल्य साचते ते चढ-उताराच्या जागेभोवती. आणि तेथेही गोदाम, शीतगृह, प्रक्रिया उद्योग असे काही उभे राहिले तरच. जाहिरातीतील ‘महामार्गालगत’ या शब्दाचा अर्थ म्हणूनच फुटपट्टीने मोजता येत नाही. चढ-उताराच्या जागेपासून मालमोटारीने किती वेळ लागतो, हे त्याचे खरे माप.

या महामार्गासोबत कृषी समृद्धी नवनगरांचीही कल्पना मांडली गेली होती. मेहकर तालुक्यातील साब्रा-काब्रा आणि सिंदखेडराजा तालुक्यातील सावरगाव माळ ही नावे त्या काळी वृत्तपत्रांतून वारंवार येत असत. महामार्ग वाहता झाला, परंतु नगरे वसण्याचे काम त्या गतीने झाले नाही. रस्ता बांधता येतो; नगर मात्र वसावे लागते. त्यासाठी रोजगार, पाणी, शाळा, दवाखाना आणि तेथे राहण्याची इच्छा असलेली माणसे लागतात.

या दोन धड्यांतून एक साधे सूत्र निघते. विकसनशील प्रदेशात तीन घटना वेगवेगळ्या वेळी घडतात. आधी वार्ता येते, मग वाट येते आणि शेवटी वस्ती येते. भावाची पहिली उडी वार्तेबरोबरच होते. विकत घेणाऱ्याचा नफा मात्र बहुतांशी वस्तीवर अवलंबून असतो. जो वार्तेचा भाव देऊन वस्तीची वाट पाहतो, त्याच्या वाट्याला मधली सारी वर्षे येतात. समृद्धीच्या बाबतीत ज्यांना थेट खरेदीत बाजारमूल्याच्या अनेक पटींनी मोबदला मिळाला, त्यांच्यापैकी पुष्कळांनी तो पैसा शेजारच्या गावांत पुन्हा जमिनीतच घातला. त्या पैशाने चढलेला भाव आणि विकासाने चढलेला भाव यांतील भेद नंतर येणाऱ्या खरेदीदाराला ओळखता आला पाहिजे. पहिला भाव मोबदल्याचा पैसा संपताच थांबतो.

थांबण्याचे गणित

आता ती मधली वर्षे आकड्यांत मांडून पाहू. चिखलीतील एखाद्या आडत व्यापाऱ्याचे उदाहरण कल्पनेने घेऊ. पेढीत ३० लाख रुपये खेळते भांडवल आहे. वर्षात त्याच्या पाच फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत निव्वळ दोन टक्के सुटतात, असे धरले तर वर्षाला ३ लाख रुपये मिळतात. हीच रक्कम त्याने भूखंडात घातली, तर पेढी चालवण्यासाठी त्याला तेवढेच पैसे बँकेकडून उचलावे लागतील. दहा टक्के व्याज धरले, तरी वर्षाला तेच ३ लाख जातात.

दहा टक्के चक्रवाढीने ३० लाखांचे दहा वर्षांत सुमारे ७८ लाख होतात. भूखंड दहा वर्षांनी ६० लाखांना विकला गेला तर घरात पेढे वाटले जातात, कारण पैसे दुप्पट झाले असे दिसते. परंतु हिशेबाच्या वहीत १८ लाखांची तूट असते; आणि त्यात मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, कुंपण व भांडवली नफ्यावरील कर अजून धरलेला नाही. दहाऐवजी पंधरा वर्षे लागली तर बरोबरीचा आकडा सुमारे १ कोटी २५ लाखांवर जातो. शेतजमिनीतून पीक निघते, गाळ्यातून भाडे येते. पडीक भूखंडातून यांपैकी काहीच येत नाही, म्हणून त्याचे गणित असे कठोर असते. काळ हाच या व्यवहारातील सर्वांत मोठा खर्च आहे, आणि तो कोणत्याही दलालाच्या कागदावर लिहिलेला नसतो.

याहून गंभीर बाब वेगळीच आहे. सोयाबीन आणि कापूस बाजारात येऊ लागला की व्यापाऱ्याला रोख पैसा लागतो. शेतकऱ्याचे पैसे थांबवता येत नाहीत. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा मालसाठा आणि येणे यांवर दिलेली असते. त्यातून उचललेली रक्कम जमिनीत गेली, तर साठा कमी होतो, ड्रॉइंग पॉवर घटते आणि खाते मर्यादेबाहेर जाते. बँकेच्या भाषेत याला निधी अन्यत्र वळवणे म्हणतात. अशी स्थिती ९० दिवस टिकली की खाते अनुत्पादक ठरते. मग पेढीची पत जाते. आणि व्यापाऱ्याची पत गेली की त्याच्या हाती केवळ दुकानाची पाटी उरते. भूखंड मात्र जागेवरच असतो. त्याचा भाव कदाचित वाढलेलाही असतो, पण गरजेच्या आठवड्यात त्याला गिऱ्हाईक नसते. जमीन बुडाल्यामुळे पेढी बुडाल्याची उदाहरणे थोडी असतात. जमीन शाबूत असताना रोख संपल्यामुळे पेढी बंद पडणे, हाच या जोखमीचा नेहमीचा प्रकार आहे.

कागद आणि प्रत्यक्ष जमीन

जिल्ह्यातील खरेदीत जोखमीचा एक मोठा भाग कागदांत दडलेला असतो. सुदैवाने तो आपल्याला वाचता येतो. सातबाऱ्यावरील मालकाचे नाव सर्वजण पाहतात. ‘इतर हक्क’ हा रकाना मात्र घाईत सुटतो. बँकेचा बोजा, कुळाची नोंद, वारसांचा वाद, भूसंपादनाची किंवा पुनर्वसनाची टीप तेथेच असते. नांदुरा तालुक्यातील जिगाव प्रकल्पासारख्या मोठ्या पाटबंधारे प्रकल्पांच्या बुडीत व लाभक्षेत्रातील जमिनींच्या हस्तांतरणावर पुनर्वसन कायद्याचे निर्बंध येऊ शकतात. १९९० च्या दशकात हाती घेतलेला तो प्रकल्प अद्याप पूर्ण झालेला नाही, ही गोष्टही वाट पाहण्याचा अंदाज बांधताना विसरू नये.

भोगवटादार वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. विदर्भात १९५८ चा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू असून, शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन घेण्यावर बंधने आहेत. तुकडेबंदीच्या नियमांत अलीकडे बदल झाले आहेत; म्हणून शेतातील दोन-चार गुंठे इसार देऊन अडवण्यापूर्वी आज कोणता नियम लागू आहे, हे तहसील कार्यालयातून समजून घ्यावे. अकृषिक भूखंडांच्या मोठ्या रेखांकनाला महारेराची नोंदणी आवश्यक असते आणि तो क्रमांक संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. तीस वर्षांचा शोध अहवाल, सरकारी मोजणी आणि चतुःसीमेवरील शेजाऱ्यांशी प्रत्यक्ष बोलणे या तीन गोष्टींचा खर्च खरेदीच्या तुलनेत नगण्य असतो. केवळ साठेखत आणि मुखत्यारपत्र यांवर पूर्ण रक्कम देण्याचा आग्रह होत असेल, तर त्या आग्रहाचे कारण शोधावे.

हे सारे कष्टाचे असले तरी शक्य आहे. तलाठी ओळखीचा असतो, वकील गावातला असतो, जमीन मोटारसायकलीवरून पाहून येता येते, आणि विकणाऱ्याच्या घराण्याची तीन पिढ्यांची माहिती बाजारात मिळते. व्यापारी माणसाचे खरे भांडवल हेच असते. खरेदी समुद्रापलीकडे गेली की हे भांडवल शून्यावर येते.

समुद्रापलीकडे

परदेशातील खरेदीत वार्ता, वाट आणि वस्ती हे तीन टप्पे कायम राहतातच. शिवाय चार नव्या जोखमी त्यांना येऊन मिळतात.

पहिली जोखीम हक्काची. आपल्याकडे ‘विकत घेणे’ या शब्दाला जो अर्थ आहे, तो सर्वत्र नसतो. इंडोनेशियात जमिनीची पूर्ण मालकी त्या देशाच्या नागरिकालाच मिळते. परकीयाला मुदतीचा हक्क किंवा भाडेपट्टा मिळतो, आणि स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन ठेवण्याची युक्ती न्यायालयात टिकण्याचा भरवसा नसतो. थायलंडमध्ये परकीयाला सदनिका घेता येते, पण इमारतीतील एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंतच. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेनुसार परकीयाला जास्तीत जास्त ९९ वर्षांचा भाडेपट्टा मिळतो. दुबईत २००२ पासून ठराविक भागांत परकीयांना मालकी खुली झाली. तरी २००८-०९ च्या मंदीत तेथे भाव कोसळले आणि अनेक प्रकल्प अर्धवट राहिले. खरेदीदारांचे पैसे स्वतंत्र खात्यात ठेवण्याचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी, २००७ मध्ये आला होता.

दुसरी जोखीम चलनाची. मार्च २०२४ मध्ये इजिप्तने आपल्या पाउंडाचा दर मोकळा सोडला, तेव्हा ३१ पाउंडांना मिळणारा डॉलर थोड्याच वेळात ५० च्या आसपास गेला. २०२२ मध्ये श्रीलंकेच्या रुपयाचीही अशीच घसरण झाली. तेथील चलनात मालमत्तेचा भाव दीडपट झाला आणि त्याच काळात ते चलन आपल्या रुपयाच्या तुलनेत एक-तृतीयांशाने उतरले, तर घरी येणारी रक्कम जेवढीच्या तेवढीच राहते. भाव वाढल्याची बातमी खरी असते, नफा मात्र होत नाही.

तिसरी जोखीम राज्यसत्तेची. येथे इतिहास अगदी स्पष्ट बोलतो. चेट्टियार सावकारांनी ब्रह्मदेशात भातशेतीला कर्जे दिली. त्यांचा धंदा सावकारीचा होता, जमीनदारीचा नव्हता. १९३० च्या सुमारास तांदळाचे भाव कोसळले, कर्जदार थकले आणि तारण जमिनी सावकारांकडे आल्या. दक्षिण ब्रह्मदेशातील प्रमुख भातपट्ट्यात त्यांच्या हाती १९३० मध्ये सुमारे ६ टक्के जमीन होती. १९३८ पर्यंत ती २५ टक्क्यांवर गेली. कागदावर ते श्रीमंत झाले, पण त्यांचा फिरता पैसा चिखलात रुतला. १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाने जमीन राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला आणि पुढील काळात ती संपत्ती हातची गेली. युगांडात ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा आदेश दिला. दुकाने, कारखाने, घरे तशीच टाकून हजारो कुटुंबे निघाली. पुढे १९८२ च्या कायद्यानंतर, विशेषतः १९९० च्या दशकात, अनेकांना मालमत्ता परत मिळाल्या. म्हणजे दोन दशकांनी. ज्यांच्याकडे हुन्नर, पत आणि नातलग होते, ते लंडनमध्ये पुन्हा उभे राहिले. इमारत त्यांना सोबत नेता आली नाही.

चौथी जोखीम आपल्याच कायद्याची, आणि तिच्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि तीतून घरही घेता येते. परंतु ही सवलत केवळ व्यक्तीला आहे. भागीदारी पेढीला नाही, कंपनीला नाही, हिंदू अविभक्त कुटुंबालाही नाही. आपल्या समाजातील बरीचशी संपत्ती पेढीची किंवा एकत्र कुटुंबाची असते. ती परदेशी न्यावयाची तर आधी एखाद्या भावाच्या किंवा पुतण्याच्या व्यक्तिगत खात्यात येते आणि मालमत्ता त्याच्याच नावावर होते. आज सर्वांचे एकमत असते. वीस वर्षांनी, मूळ व्यवहार जाणणारे वडीलधारे गेल्यावर, ते घर कोणाचे, हा प्रश्न निघतो. आणि तो सोडवावयाचा असतो परक्या देशाच्या वारसा कायद्याने.

करांचाही विचार आधीच करावा. एका वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या अशा रकमेवर बँक २० टक्के कर गोळा करते. ६० लाख पाठवले तर १० लाख वेगळे भरावे लागतात. ते पुढे प्राप्तिकरात वळते होतात किंवा परत मिळतात. पण तोवर ते आपल्या गल्ल्यात नसतात. दरवर्षीच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची नोंद अनिवार्य आहे. ती न केल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्यानुसार १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला अलीकडे या दंडातून जी सूट मिळाली, तीतून स्थावर मालमत्ता स्पष्टपणे वगळलेली आहे. विकासकाच्या दीर्घ मुदतीच्या हप्त्यांवर घर घेतल्यास तो व्यवहार परदेशी कर्जासारखा मानला जाऊ शकतो. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी बँकेच्या परकीय चलन विभागाचे लेखी उत्तर घ्यावे. रोखीने इकडे देऊन तिकडे घेण्याचा जो मार्ग काही लोक कानात सांगतात, तो जोखमीच्या तराजूत घालण्याचेही कारण नाही. तो सरळ गुन्हा आहे आणि त्याची किंमत येथील मालमत्ता जप्त होऊन मोजावी लागू शकते.

लाभाची बाजू

याचा अर्थ अशी खरेदी करूच नये, असा मुळीच नाही. ज्या बापजाद्यांनी खामगाव, मलकापूरच्या बाजारपेठा उभ्या राहात असताना तेथे जागा घेतल्या, त्यांनी धोका पत्करलाच होता. त्यांच्या नातवंडांची दुकाने आज त्याच जागांवर आहेत. परंतु त्यांनी जागा घेतली आणि त्याच जागेत धंदाही मांडला. वस्ती येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. ते स्वतःच वस्ती झाले. हा भेद फार महत्त्वाचा आहे.

म्हणून चढ-उताराच्या जागेजवळ स्वतःच्या मालासाठी गोदाम बांधणारा व्यापारी आणि त्याच ठिकाणी निव्वळ भाववाढीसाठी भूखंड घेणारा व्यापारी यांची जोखीम सारखी नाही. मुलगा दुबईत नोकरीस असून दरमहा भाडे भरत असेल, तर त्याच्या स्वतःच्या कमाईतून त्याने तेथे घेतलेले घर समजण्यासारखे आहे. ज्या शहरात घरातील कोणी राहत नाही, ज्याची भाषा कोणाला येत नाही, तेथील अर्धवट इमारतीतील सदनिका हा निराळा व्यवहार झाला. मालमत्ता आजच वापरात येणार असेल किंवा आजच भाडे देणार असेल, तर वाट पाहण्याच्या खर्चाचा काही भाग तीच फेडते. उपयोगही नाही आणि उत्पन्नही नाही, अशा खरेदीत उरते ती केवळ आशा, आणि आशेला बँक तारण धरत नाही.

आनंद श्रावकाचे तीन भाग

किती घ्यावे, या प्रश्नाला आपल्या परंपरेने फार पूर्वी उत्तर दिलेले आहे. उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद गाथापतीची कथा आहे. त्याच्या बारा कोटी सुवर्णमुद्रांपैकी चार कोटी निधीत सुरक्षित होत्या, चार कोटी वृद्धीसाठी व्यापार-व्याजात होत्या आणि चार कोटी घर, जमीनजुमला व वैभवात होत्या. पशुधन त्याहून वेगळे. भगवान महावीरांपाशी श्रावकव्रते घेताना त्याने या तिन्हींना तेथेच मर्यादा घातली. जमिनीची मर्यादा नांगरांत मोजून सांगितली आणि दूर देशी जाणाऱ्या गाड्यांची व नौकांचीही संख्या ठरवली. म्हणजे तो स्थावर संपत्तीपासून दूर पळाला नाही आणि परदेशी व्यापारही त्याने सोडला नाही. रोख, फिरते आणि स्थिर यांपैकी एकाने दुसऱ्याला गिळू नये, एवढी व्यवस्था मात्र त्याने लावली.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रह-परिमाणाच्या अतिचारांत पहिली गणना क्षेत्र आणि वास्तू यांची, म्हणजे शेत आणि घर यांचीच आहे. दिग्व्रताच्या अतिचारांत क्षेत्रवृद्धी आणि स्मृत्यंतर्धान यांचा उल्लेख येतो : ठरवलेली सीमा वाढवणे, आणि ठरवलेली सीमा विसरणे. व्रताचा हेतू आत्मशुद्धीचा आहे, नफ्याचा नाही, हे खरे. तरीही बाजारात माणूस नेमका कोठे घसरतो, हे त्या आचार्यांनी किती बारकाईने पाहिले होते! वाढत्या भावात मर्यादा प्रथम वाढते, मग विसरली जाते.

तेव्हा प्रत्येक कुटुंबाने खरेदीच्या आधी, दलाल समोर नसताना, चार गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. दूरच्या व अविकसित ठिकाणच्या मालमत्तेत एकूण संपत्तीचा किती हिस्सा जाईल, हे पहिले. तो हिस्सा पेढीच्या खेळत्या भांडवलातून आणि कॅश क्रेडिटमधून कदापि येणार नाही, हे दुसरे. किती वर्षे थांबावयाचे आणि त्यानंतर तोटा सोसूनही विकावयाचे, हे तिसरे. मालमत्ता कोणाच्या नावावर असेल आणि तीवर कोणाकोणाचा किती हक्क असेल, हे चौथे. आणि त्याखाली सर्व भावांच्या सह्या असाव्यात. चौथ्या ओळीवर सही करताना घरात कोणी घुटमळले, तर खरेदी तेथेच थांबवावी. भूखंड पुढच्या वर्षीही मिळतो. भावाभावांतील विश्वास आणि बाजारातील पत या दोन गोष्टी मात्र एकदा गमावल्या की कोणत्याही भावाने पुन्हा विकत मिळत नाहीत.